संदीप्त पदार्थ आणि स्फोटकांच्या सूक्ष्म अंशांचा शोध : तत्त्व, प्रगती आणि कसोट्या

सारांश : अतिनील प्रकाशात चमकणारे काही पदार्थ स्फोटकांच्या अत्यल्प अंशाच्या सान्निध्यात निस्तेज होतात. या गुणधर्मावर आधारित संवेदकांचा विकास गेल्या तीन दशकांत वेगाने झाला आहे. प्रस्तुत लेखात या संवेदकांमागील मूलतत्त्व, संयुग्मित बहुवारिकांपासून धातू-सेंद्रिय संरचनांपर्यंतची वाटचाल आणि या पद्धतीच्या मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे. दीप्ती मंदावणे आणि स्फोटक सापडणे या दोन भिन्न गोष्टी असून त्यांतील अंतर ओळखणे हीच या क्षेत्रातील संशोधनाची खरी कसोटी होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : संदीप्ती, दीप्तिशमन, संयुग्मित बहुवारिक, धातू-सेंद्रिय संरचना, नायट्रो संयुगे, निवडकता.

प्रस्तावना

दिनांक 12 मार्च 1993 रोजी मुंबईत एकापाठोपाठ झालेल्या बॉम्बस्फोटांत 257 व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्या दिवसापासून 'आरडीएक्स' हा रसायनशास्त्राच्या ग्रंथांतील शब्द मराठी घराघरांत पोहोचला. पुढे 11 जुलै 2006 रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत आणि 13 फेब्रुवारी 2010 रोजी पुण्यात स्फोट झाले. अशा प्रत्येक घटनेनंतर एकच प्रश्न विचारला जातो : गर्दीतून नेले जाणारे स्फोटक आधी ओळखता आले नसते काय?

रेल्वे स्थानकाच्या अथवा मॉलच्या दारात उभी असलेली धातुशोधक चौकट या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. ती धातू ओळखते, स्फोटक नव्हे. क्ष-किरण यंत्र सामानातील वस्तूंचा आकार व घनता दाखविते. त्यावरून संशय घेता येतो, परंतु पदार्थाची रासायनिक ओळख पटेलच असे नाही. म्हणून स्फोटकाचा साठा न शोधता त्याने मागे ठेवलेला माग शोधणे हा दुसरा मार्ग अवलंबिला जातो. या दुसऱ्या मार्गावर संदीप्त पदार्थांनी कोणते साहाय्य केले आणि ते कोठे अपुरे पडतात, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सूक्ष्म अंश म्हणजे किती?

स्फोटक हाताळणाऱ्या व्यक्तीच्या बोटांना, कपड्यांना आणि पिशवीच्या बंदाला त्याचे कण चिकटतात. बोटाच्या एका ठशात राहिलेले कण मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशेबात मोजावे लागतात. डोळ्यांना न दिसणारे हे कण कापडी पट्टीने पुसून यंत्रात तपासता येतात. दुसरा माग म्हणजे स्फोटकाची वाफ. मात्र येथे निसर्गाने मोठीच अडचण करून ठेवली आहे.

ट्रायनायट्रोटोल्युइन म्हणजेच टीएनटी हा स्थायुरूप पदार्थ 25 अंश सेल्सिअस तापमानास बंद भांड्यात ठेवल्यास त्यावरील हवेतील दर 100 कोटी रेणूंमागे टीएनटीचे रेणू दहाच्या आसपासच असतात. आरडीएक्सची वाफ याहूनही विरळ असते. तेथे एक लाख कोटी रेणूंमागे जेमतेम पाच रेणू आढळतात. दोहोंतील हे अंतर सुमारे दीड ते दोन हजार पटींचे आहे. शिवाय हे आकडे बंद भांड्यातील संपृक्त वाफेचे आहेत. प्रत्यक्षात स्फोटक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले असते आणि भोवती वारा वाहत असतो. त्यामुळे संवेदकापर्यंत पोहोचणारे प्रमाण याहून पुष्कळच कमी असते.

प्रशिक्षित श्वान हे काम आजही उत्तम रीतीने करतात. परंतु श्वान थकतो, त्याला विश्रांती लागते आणि तो आपल्या प्रशिक्षकावर अवलंबून असतो. विमानतळांवर वापरले जाणारे आयन-गतिशीलता वर्णपटमापक यंत्र पट्टीवरील कण तापवून, त्यांचे आयन करून, त्यांच्या वेगावरून ओळख पटविते. ते विश्वासार्ह आहे, तथापि खर्चिक आहे व त्याची नियमित देखभाल करावी लागते. हलके, हातात मावणारे आणि काही सेकंदांत उत्तर देणारे साधन हवे, या गरजेतून संदीप्त पदार्थांकडे लक्ष वळले.

संदीप्तीचे स्वरूप

लोखंड तापून लाल होते तेव्हा त्याचा प्रकाश उष्णतेमुळे उत्पन्न होतो. याउलट, उष्णतेवाचून होणाऱ्या प्रकाशोत्सर्जनास संदीप्ती असे म्हणतात. पदार्थाने प्रकाश शोषून घ्यावा आणि लगोलग दुसऱ्या, बहुधा अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकावा, हा संदीप्तीचा एक प्रकार होय. त्यास अनुदीप्ती म्हणतात. इंग्रजीवरून आलेला फ्लुओरेसन्स हा शब्दही रूढ आहे. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने 1852 मध्ये फ्लुओरस्पार या खनिजावरून हे नाव योजिले. ट्यूबलाइटच्या काचेवरील आतला लेप आणि चलनी नोटांमधील अतिनील दिव्याखाली चमकणारे तंतू ही याची नित्य परिचयाची उदाहरणे होत.

रेणूने प्रकाश शोषला की त्यातील एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो. तेथे तो काही नॅनोसेकंदच टिकतो आणि खाली येताना प्रकाशकण सोडतो. या अत्यल्प अवधीत शेजारच्या एखाद्या रेणूने त्या इलेक्ट्रॉनला दुसरी वाट दाखविली तर प्रकाशकण बाहेर पडतच नाही. काळ्या पार्श्वभूमीवरील प्रकाशाचा फरक मोजणे आजच्या प्रकाशमापकांना सुलभ असल्याने हा बदल अत्यल्प असला तरी टिपता येतो. संदीप्त संवेदकाचे सामर्थ्य यातच आहे.

दीप्तिशमन : चमक का मंदावते?

टीएनटीच्या रेणूत बेंझिनच्या कड्याला तीन नायट्रो गट जोडलेले असतात. हे गट इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतात, त्यामुळे संपूर्ण कडे इलेक्ट्रॉनांसाठी भुकेलेले राहते. शास्त्रीय परिभाषेत सांगावयाचे तर अशा रेणूची सर्वांत खालची रिक्त ऊर्जापातळी बरीच खाली असते. जवळच्या चमकणाऱ्या रेणूतील उत्तेजित इलेक्ट्रॉन यापेक्षा वरच्या पातळीवर असेल, तर तो स्वतःच्या मूळ स्थानी परतण्याऐवजी टीएनटीकडे जातो. प्रकाश बाहेर पडत नाही, चमक मंदावते. या क्रियेस दीप्तिशमन म्हणतात.

शमन करणाऱ्या पदार्थाची संहती आणि घटलेली दीप्ती यांतील संबंध ऑटो स्टर्न व मॅक्स फोल्मर यांनी 1919 मध्ये समीकरणबद्ध केला. मूळ दीप्ती भागिले उरलेली दीप्ती हे गुणोत्तर संहतीच्या सम प्रमाणात वाढते, असा त्याचा आशय आहे. आलेखावरील सरळ रेषेचा चढ जितका अधिक तितका संवेदक प्रभावी मानला जातो. या क्षेत्रातील बहुतेक शोधनिबंधांत हा आलेख आढळतो.

संयुग्मित बहुवारिके : दिव्यांच्या माळेचा दृष्टान्त

सुटा सुटा चमकणारा रेणू आणि स्फोटकाचा रेणू यांची गाठ पडली तर एकच दिवा विझतो. लक्षावधी दिव्यांत तो उणा झालेला कळणार कसा? या अडचणीवर अमेरिकेतील टिमोथी स्वेगर यांनी उत्तर शोधले. ज्या बहुवारिकाच्या साखळीत एकेरी व दुहेरी अथवा तिहेरी बंध आलटून पालटून येतात त्यास संयुग्मित बहुवारिक म्हणतात. अशा साखळीत एका ठिकाणी शोषलेली ऊर्जा त्याच जागी थांबत नाही, ती साखळीच्या लांबीभर प्रवास करते. प्रवासात कोठेही शमन करणारा एक रेणू बसलेला असेल तरी ती ऊर्जा तेथे नष्ट होते.

गणेशोत्सवातील आराशीच्या जुन्या पद्धतीच्या माळेत सर्व दिवे एकाच सरीत जोडलेले असत. एक दिवा उडाला की पूर्ण माळ विझे. घरच्यांना वैताग आणणारा हाच दोष येथे गुण ठरला आहे. स्फोटकाचा एक रेणू अनेक घटकांची चमक घालवितो आणि संकेत कैक पटींनी वाढतो. हे प्रवर्धनाचे तत्त्व स्वेगर व त्यांचे सहकारी यांनी 1995 मध्ये मांडले.

परंतु अशा बहुवारिकाचा घन थर तयार करताच साखळ्या एकमेकींना बिलगतात व स्फोटक नसतानाच त्यांची चमक मंदावते. यावर 1998 मध्ये स्वेगर आणि यांग यांनी साखळीला पेंटिप्टिसीन नावाचे अवजड, त्रिमितीय गट जोडण्याची युक्ती योजिली. या गटांमुळे साखळ्या परस्परांपासून दूर राहिल्या, शिवाय त्यांच्या दरम्यान टीएनटीचा रेणू शिरू शकेल अशा पोकळ्या निर्माण झाल्या. थर जितका पातळ तितका प्रतिसाद जलद, कारण टीएनटीचे रेणू थरात सावकाश झिरपतात, हेही या कामातून दिसून आले.

याच बहुवारिकांच्या आधारे नोमॅडिक्स या अमेरिकन कंपनीने 'फिडो' हे हातात धरण्याजोगे यंत्र तयार केले. काचेच्या बारीक नळीच्या आतून बहुवारिकाचा पातळ लेप दिलेला असतो. नळीतून हवा खेचली जाते व लेपाची चमक सतत मोजली जाते. भूसुरुंग शोधण्याच्या प्रयत्नांतून पुढे आलेले हे यंत्र नंतर अमेरिकन सैन्याने इराकमध्ये वापरले. पुढे 2005 मध्ये स्वेगर व व्लादिमीर बुलोविच यांच्या गटांनी अशा बहुवारिकाला लेसर अवस्थेच्या उंबरठ्यावर नेल्यास संवेदनशीलता 30 पटींहून अधिक वाढते, असे दाखविले.

बहुवारिकांपलीकडे

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील विल्यम ट्रॉग्लर व सहकाऱ्यांनी 2001 मध्ये सिलिकॉनयुक्त कड्यांची साखळी असलेली पॉलिसिलोल ही बहुवारिके वापरून हवेतील व समुद्राच्या पाण्यातील टीएनटी आणि पिक्रिक आम्ल ओळखले. त्याच वर्षी हाँगकाँग येथील बेन झोंग तांग यांच्या गटाने एक विलक्षण वर्तन नोंदविले. काही रेणू द्रावणात निस्तेज असतात, परंतु एकत्र गोळा झाले की चमकू लागतात. घन थरात चमक नष्ट होण्याची जी अडचण वर सांगितली तिला हे रेणू मुळातच अपवाद ठरले. साहजिकच स्फोटक संवेदकांसाठी त्यांचा मोठ्या प्रमाणावर उपयोग होऊ लागला.

धातूचे आयन आणि सेंद्रिय जोडरेणू यांची जाळीदार, सच्छिद्र रचना म्हणजे धातू-सेंद्रिय संरचना होय. अशा काही संरचनांच्या एका ग्रॅममध्ये हजारो चौरस मीटर पृष्ठभाग सामावलेला असतो. त्यामुळे विरळ वाफेतील रेणू छिद्रांत शोषून तेथे साठविणे शक्य होते. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या जिंग ली यांच्या गटाने 2009 मध्ये जस्तयुक्त अशा संरचनेने डायनायट्रोटोल्युइनची तसेच डीएमएनबी या संयुगाची वाफ काही सेकंदांत ओळखली. तापविल्यावर ही संरचना पुन्हा वापरता येत होती.

डीएमएनबीचे महत्त्व येथे स्पष्ट केले पाहिजे. 21 डिसेंबर 1988 रोजी स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर प्लॅस्टिक स्फोटकाने विमान उडविण्यात आले व 270 व्यक्ती मरण पावल्या. त्यानंतर 1 मार्च 1991 रोजी माँट्रियल येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारान्वये प्लॅस्टिक स्फोटकांत सहज ओळखू येणारे, बाष्पनशील संयुग मिसळणे बंधनकारक झाले. डीएमएनबी हे त्यांपैकी एक होय. अर्थात, कराराबाहेर गुपचूप बनविलेल्या स्फोटकांत ते असण्याची हमी कोण देणार?

या क्षेत्रात पुण्याचाही वाटा आहे. भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, अर्थात आयसर पुणे येथील सुजित घोष व सहकाऱ्यांनी 2013 मध्ये कॅडमियमयुक्त धातू-सेंद्रिय संरचनेच्या साहाय्याने इतर नायट्रो संयुगे उपस्थित असतानाही पिक्रिक आम्ल निवडकपणे ओळखता येते, असे दाखविले. अनेक नायट्रो संयुगे एकत्र असताना त्यांपैकी नेमके एकच ओळखणे अवघड असल्याने या कामाची दखल घेतली गेली.

जी स्फोटके चमक मंदावत नाहीत

येथवरचे विवेचन वाचून प्रश्न सुटला असा समज होणे शक्य आहे. वस्तुस्थिती तशी नाही. वर वर्णिलेले शमन प्रामुख्याने टीएनटी, डायनायट्रोटोल्युइन, पिक्रिक आम्ल या नायट्रोअरोमॅटिक संयुगांना लागू पडते. मुंबईने 1993 मध्ये अनुभवलेले आरडीएक्स या वर्गातील नाही. त्यात बेंझिनचे कडे नसल्याने ते इलेक्ट्रॉन तितक्या सहजतेने स्वीकारत नाही आणि त्याची वाफही नगण्य असते. म्हणजेच हा संवेदक ज्या स्फोटकाला चांगला ओळखतो त्याहून वेगळेच स्फोटक प्रत्यक्षात समोर येऊ शकते.

या दृष्टीने 2007 मध्ये ट्रिशा अँड्र्यू व स्वेगर यांनी उलटा मार्ग चोखाळला. त्यांनी योजलेला पदार्थ मुळात निस्तेज असतो. आरडीएक्स अथवा पीईटीएन यांच्याशी प्रकाशाच्या साहाय्याने अभिक्रिया झाल्यावर तो चमकू लागतो. अंधारात दिवा लागलेला कळणे हे उजेडातील एक दिवा मंदावलेला कळण्याहून सोपे असते, म्हणून असे 'उजळणारे' संवेदक अधिक भरवशाचे मानले जातात.

22 डिसेंबर 2001 रोजी पॅरिसहून मायामीस निघालेल्या विमानात एका प्रवाशाच्या बुटात पीईटीएनसोबत टीएटीपी हे पेरॉक्साइड वर्गातील स्फोटक आढळले. टीएटीपीमध्ये नायट्रो गटच नसतो. त्याच्या विघटनातून मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी अभिक्रिया करून उजळणारे रंगद्रव्य वापरणे हा त्यावरील एक उपाय आहे. अमोनियम नायट्रेट तर साधे आयनिक लवण असून ते खतांतही असते. भारतात त्याच्या साठवणुकीवर व वाहतुकीवर 2012 च्या नियमांनी नियंत्रण आणले आहे. नायट्रोअरोमॅटिक संयुगांसाठी घडविलेल्या संवेदकाचा त्याला ओळखण्यास उपयोग होत नाही.

उजळण्याचे तत्त्व सजीवांकडूनही घेता येते. जेरुसलेम येथील हिब्रू विद्यापीठाचे शिम्शोन बेल्किन व सहकाऱ्यांनी 2017 मध्ये जनुकीय बदल केलेले जीवाणू अल्जिनेटच्या मण्यांत बसवून जमिनीवर पसरले. पुरलेल्या सुरुंगातून झिरपणाऱ्या डायनायट्रोटोल्युइनच्या वाफेमुळे ते जीवाणू अनुदीप्त प्रथिन तयार करतात व लेसरच्या साहाय्याने त्यांची चमक 20 मीटर अंतरावरून टिपता येते. माणसाने सुरुंगावर पाऊल न टाकता सुरुंग शोधण्याची ही वाट आहे.

खोट्या इशाऱ्याची किंमत

संवेदकाची चूक दोन प्रकारची असते. स्फोटक असून न दिसणे ही पहिली. तिचे परिणाम सर्वांना ठाऊक आहेत. स्फोटक नसताना इशारा होणे ही दुसरी; तिच्याकडे दुर्लक्ष होते. समजा, एखाद्या स्थानकावर दिवसाला एक लाख प्रवाशांची तपासणी होते आणि संवेदक शंभरांत एकदाच चुकतो. तरीही रोज एक हजार निरपराध माणसे बाजूला घेतली जातील. त्या हजारांत नायट्रोग्लिसरिनयुक्त औषध घेणारा हृदयरोगी असेल, सकाळी शेतात नायट्रेटयुक्त खत टाकून आलेला शेतकरी असेल. अशा माणसाला सर्वांसमक्ष संशयित ठरविणे ही केवळ तांत्रिक त्रुटी नव्हे. शिवाय हजार वेळा खोटा ठरलेला इशारा एक हजार एकाव्या वेळी पहारेकऱ्याने गंभीरपणे घ्यावा, ही अपेक्षाही व्यर्थ आहे. म्हणून निवडकता हा संवेदनशीलतेइतकाच, किंबहुना तिच्याहून महत्त्वाचा निकष ठरतो.

प्रयोगशाळेतील कसोट्या

आज अनेक महाविद्यालयांतील रसायनशास्त्र विभागांत नवनवे संदीप्त पदार्थ तयार केले जातात आणि पिक्रिक आम्लाच्या द्रावणाने त्यांची चमक मंदावते, असे निष्कर्ष प्रसिद्ध होतात. पिक्रिक आम्लाचे प्रदूषक म्हणूनही महत्त्व असल्याने हे काम निरर्थक नाही. तथापि त्यास 'स्फोटक संवेदक' हे नाव देण्यापूर्वी पुढील कसोट्या लावणे अगत्याचे आहे.

1. पिक्रिक आम्ल पिवळे असते, म्हणजे ते जंबुपार व निळा प्रकाश स्वतःच शोषून घेते. अनेक संदीप्त पदार्थ याच प्रकाशाने उत्तेजित केले जातात. अशा वेळी चमक मंदावलेली दिसते ती शमनामुळे नव्हे, तर मध्ये आलेल्या रंगामुळे. खिडकीवर जाड पडदा ओढल्याने खोलीतील दिवा विझत नाही. शोषणाचा वर्णपट घेऊन ही दुरुस्ती केल्यावाचून स्टर्न-फोल्मर आलेखाला अर्थ नाही.

2. शक्य असेल तेथे उत्तेजित अवस्थेचा जीवनकाल मोजावा. तो घटला असल्यास शमन रेणूंच्या आघातांमुळे झाले असे म्हणता येते. तो न बदलल्यास आधीच जुळलेल्या रेणूंमुळे झालेले स्थिर शमन आणि रंगामुळे झालेला भास, या दोन शक्यता वेगळ्या करून पाहाव्या लागतात.

3. द्रावणातील यशावरून वाफेतील यश गृहीत धरू नये. मिलिग्रॅमने विरघळविलेले पिक्रिक आम्ल आणि हवेतील विरळ रेणू यांत महदंतर आहे.

4. आर्द्रता, धूळ, इंधनाची वाफ, अत्तर, खत यांच्या उपस्थितीत तोच प्रयोग पुन्हा करावा. कोरड्या, स्वच्छ खोलीतील निष्कर्ष फलाटावर टिकेलच असे नाही.

5. सततच्या अतिनील प्रकाशाने पदार्थ स्वतःच फिका पडतो. म्हणून स्फोटकाविना ठेवलेला तुलनेचा नमुना शेजारी असणे आवश्यक आहे.

6. पिक्रिक आम्ल कोरडे झाल्यास आघाताने स्फोट पावू शकते. ते नेहमी ओले ठेवावे, धातूच्या संपर्कात येऊ देऊ नये, आणि विद्यार्थ्यांच्या हाती अत्यंत विरल द्रावणच द्यावे.

यांपैकी पहिली, पाचवी व सहावी कसोटी लावण्यास महागड्या यंत्राची गरज नाही. सर्वसाधारण महाविद्यालयात असणारे शोषण-वर्णपटमापक यंत्र व थोडी शिस्त पुरेशी आहे.

समारोप

संदीप्त पदार्थांनी स्फोटकशोधाला संवेदनशीलता, वेग आणि सुटसुटीतपणा दिला. तथापि कोणताही एक संवेदक सर्व स्फोटकांना पुरा पडत नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून उदयास आलेल्या नॅनोस्निफ कंपनीचे 'नॅनोस्निफर' हे एप्रिल 2021 मध्ये सादर झालेले यंत्र प्रकाशावर नव्हे, तर सूक्ष्म संवेदकांवर आधारलेले आहे. भिन्न तत्त्वांवरील अशी साधने परस्परांना पूरक ठरावीत. निरनिराळ्या संदीप्त पदार्थांचा संच एकत्र वापरून त्यांच्या एकत्रित प्रतिसादावरून ओळख पटविणे, हाही आश्वासक मार्ग आहे. श्वानाचे नाकही गंध एकाच ग्राहीवरून नव्हे, तर अनेक ग्राहींच्या मेळातून ओळखते.

नवा चमकणारा पदार्थ तयार करणे हे आता तितकेसे दुर्मीळ राहिलेले नाही. तो कशाने मंदावतो, का मंदावतो आणि कशाने मंदावत नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देणारे संशोधन मात्र अद्याप विरळ आहे. फलाटावरील शेतकरी, हृदयरोगी आणि त्यांच्या शेजारून जाणारी गर्दी यांची सुरक्षितता या तीन उत्तरांवर अवलंबून आहे.